जुन्या खेळमोटारींचा जीर्णोद्धार



या मालेत काल कापसाच्या भावावर व्याख्यान झाले आणि उद्या ज्ञानेश्वरीवर आहे. या दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकच्या खेळमोटारींवर बोलायला एका म्हाताऱ्याला उभे केले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. मला स्वतःलाही वाटले. चिटणीसांना मी म्हटले, "अहो, १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती काय अशा विषयांसाठी?" ते म्हणाले, "उन्हाळा आहे, लोक गच्चीवरून उठून येतात, थोडे हलकेही चालेल." विषय हलका आहे हे मी कबूल करतो. या मेजावर ठेवलेली सर्वांत जड मोटार पाव किलोचीही नाही.

परंतु आपल्या भागातील माणसाला हा विषय अगदीच परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. चार चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मुले घरोघर हिंडतात. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगावे लागते, आपल्याला नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबांच्या वेळचा एखादा नंदी असेल. त्याचे एक शिंग नवे असते, दुसरे जुने. चाके तर दोनतीनदा बदललेली. दर वर्षी पोळ्याच्या आधी त्याला ऑइलपेंटचा हात फिरतो. असे पन्नास थर त्याच्या अंगावर चढले तरी 'मूळ रंग गेला हो' म्हणून कोणी हळहळत नाही. बैल रंगवायचा असतो, आपण रंगवतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे मला तिच्याशीच भांडायचे आहे.

आता मोटारींकडे येऊ. मी ज्या मोटारींविषयी बोलतो आहे त्या दुकानातून तयार मिळत नाहीत. डब्यात किंवा पिशवीत सुटे भाग येतात, ते आपण जोडायचे. भाग सुटे म्हणजे अगदी विखुरलेले नव्हेत. वेलाला शेंगा लागाव्या तसे ते प्लॅस्टिकच्या एका काडीच्या सांगाड्याला लोंबत असतात. पोलादाच्या साच्यात वितळलेले प्लॅस्टिक जोराने दाबून भरतात. ते ज्या नळ्यांतून आत जाते त्या नळ्याही त्याच प्लॅस्टिकने भरून थिजतात आणि भागांबरोबर बाहेर येतात, तोच हा वेल. एकेक भाग कापून घ्यायचा, कापल्या जागी घासायचे आणि सोबतच्या चित्रातील आकड्याप्रमाणे जोडत जायचे. साचा जुना झाला की त्याच्या दोन पाळ्या नीट मिटत नाहीत. फटीतून पापुद्रा बाहेर येतो आणि भागांच्या कडेला कांद्याच्या सालीसारखी किनार दिसते. जाणता माणूस तो पापुद्रा पाहून साच्याचे वय ओळखतो.

हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते. बर्लिनच्या एदुआर्द सिमोन नावाच्या औषधविक्याने १८३९ साली एका झाडाच्या राळेपासून स्टायरीन वेगळे केले. थोड्या दिवसांनी ते आपोआप घट्ट झालेले त्याने पाहिले, पण आपल्या हाती काय लागले आहे ते त्याला उमगले नाही. ते उमगायला १९२० च्या सुमारास हेर्मान स्टाउडिंगर यावा लागला. लहान रेणू एकमेकांचा हात धरून लांब साखळी करतात, हे त्याने सांगितले, आणि पुष्कळ दिवस त्याचे सहकारी त्याला हसत राहिले. पुढे १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाच्या दुकानातून निघालेली ही वस्तू यवतमाळात पुन्हा एका औषधाच्या दुकानाशी कशी गाठ घालती झाली, ते पुढे सांगतो.

इंग्लंडातील गोष्ट अधिक मौजेची आहे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या एका गृहस्थाने १९३९ साली लंडनला हवा भरलेली रबरी खेळणी बनविण्याचा धंदा काढला. नाव ठेवले एअरफिक्स. व्यापाऱ्यांच्या यादीत 'ए' अक्षरामुळे नाव वर यावे, हाही त्यात हेतू होता म्हणतात. युद्धात रबर मिळेना, तेव्हा तो प्लॅस्टिकच्या फण्यांकडे वळला, आणि १९४७ च्या सुमारास दाबून भरण्याचे नवे यंत्र घेऊन त्यावर फण्या काढू लागला. मग १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी त्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती, ते काम त्याच्याकडे आले. जोडून विकणे महाग पडू लागले, तेव्हा तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विक्रीला आला. म्हणजे पाहा, या सगळ्या छंदाच्या मुळाशी एक फणी आहे आणि शेतकऱ्याच्या दारातला एक ट्रॅक्टर आहे. यवतमाळच्या माणसाने या विषयावर बोलू नये असे आता कोण म्हणेल?

पुढे १९५२ साली सर फ्रान्सिस ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा संच पारदर्शक पिशवीत घालून, वर कागदाची पट्टी टाचून वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकला गेला. पिशवीमुळे किंमत उतरली, आणि जो छंद श्रीमंतांच्या मुलांचा होता तो गल्लीतल्या मुलांचा झाला. १९५६ च्या सुमारास जुन्या मोटारींची मालिका निघाली. त्यात १९०४ ची डॅरॅक होती, १९३० ची साडेचार लिटरची बेंटले होती. डॅरॅक म्हणजे १९५३ च्या 'जेनेव्हीव्ह' या इंग्रजी चित्रपटातील नायिकाच. मोटारीला नायिका म्हणणे काहींना रुचणार नाही. त्यांनी तो चित्रपट पाहावा.

अमेरिकेत रस्ता निराळा होता. तेथे मोटारविक्रेते नव्या वर्षाची मोटार येण्याआधीच तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती गिऱ्हाइकांच्या मुलांना देत. मूल हट्ट धरी आणि बापाचा खिसा सैल होई. डेट्रॉइटजवळची एएमटी ही कंपनी १९४८ पासून हे काम करी. १९५८ साली तिने हीच मोटार सुटी करून डब्यात घातली आणि एकाच डब्यात तीन प्रकारे जोडण्याची सोय केली: कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या लहरीप्रमाणे सजवलेली. प्रमाण पंचविसास एक. येथे एक व्यापारी खोच होती. दर साली मोटारीचे रूप बदले, तसा तोच साचा कोरून पुढच्या सालचा केला जाई. त्यामुळे मागच्या सालची मोटार पुन्हा काढणे शक्यच राहिले नाही. जुन्या संचांना आज जे मोल आले आहे त्याचे एक मोठे कारण हे आहे. संच न जोडलेला मिळाला तर त्याची किंमत ऐकून आपण खुर्चीवरून उठाल. म्हणून माझ्यासारखे पेन्शनर दुसरा मार्ग धरतात. कोणा मुलाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी घाईने, चिकट हातांनी जोडलेली, कोठीत पडून मोडलेली मोटार मिळवायची आणि ती पुन्हा उभी करायची. अशा मोटारीला तिकडचे लोक 'ग्लू-बॉम्ब' म्हणतात. आपण डिंकाचा गोळा म्हणू.

डिंकाचा गोळा उकलायचा कसा? पहिले काम धुण्याचे. कोमट पाणी, साबण, जुना दातघासणीचा ब्रश. अर्धे दोष धुळीचेच असतात. मग जोड उकलायचे. नळीतला घट्ट चिकट पदार्थ वापरलेला असेल तर मोटार फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावी. थंडीने जोड कडक होतो आणि सकाळी हलक्या हाताने पिळला की कट्दिशी सुटतो. आमच्या घरी मटाराच्या पिशवीशेजारी एक शेवरले आठ दिवस होती. सौभाग्यवतींनी त्यावर काय उद्गार काढले ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाहीत.

रंग काढणे हे नाजूक काम. अमेरिकेतील कित्येक लोक ब्रेकचे तेल वापरीत. ते रंग काढते, पण हाताचीही साल काढते, आणि ते ओतायचे कुठे हा प्रश्न राहतोच. मी दवाखान्यात सुई देण्यापूर्वी लावतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. वेळ लागतो, पण प्लॅस्टिकला धक्का पोचत नाही. चकाकणाऱ्या बंपरावरचा मुलामा हा खरा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती प्लॅस्टिकवर बसवतात. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात तो मुलामा बघता बघता विरघळून जातो. हातमोजे आणि चष्मा घातल्यावाचून कोणी हे करू नये. आणि मुलांनी तर करूच नये.

वाकलेली चौकट सरळ करायची तर गरम पाणी. उकळते नको, त्याच्या बरेच अलीकडचे. पॉलिस्टायरीन साधारण शंभर अंशांजवळ मऊ पडते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर शंभर अंश होत नाहीत हे खरे, पण पन्नास वर्षांचे मे महिने एकावर एक, आणि वर दिवाळीच्या पातेल्यांचे ओझे, एवढ्याने बारीक काड्या वाकतातच. १९५० च्या दशकातील पुष्कळशा विक्रेत्यांच्या मोटारी सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. त्यांची स्थिती आणखी वाईट. त्या आपोआप आकसतात, त्यांचे टप केळीच्या सालीसारखे वळते आणि त्यांवर कोणताही उपाय पुरता चालत नाही. अशी मोटार हाती आली की मी ती धुतो, पुसतो आणि तशीच कपाटात ठेवतो.

एक दुखणे फार विचित्र आहे. रबरी दिसणारी मऊ चाके व्हिनिलची असतात. व्हिनिल मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते वर्षानुवर्षे झिरपत राहते, आणि चाक ज्या कड्याला टेकलेले असते ते पॉलिस्टायरीनचे कडे हळूहळू खाऊन टाकते. न उघडलेल्या डब्यातसुद्धा हे घडते. चाळीस वर्षांनी डबा उघडावा तर काचेच्या भागात चाक रुतून बसलेले! म्हणून जुना संच घरी असेल तर आज रात्रीच डबा उघडून चाके वेगळ्या पुडीत ठेवा. माझ्या भाषणातील एवढे एकच वाक्य आपण घरी नेले तरी मला आनंद आहे.

नाहीसे झालेले भाग नव्याने करावे लागतात. आमच्या ओळखीच्या एका दंतवैद्यांनी मला कवळीचा ठसा घेण्याची सिलिकोनची लगदी दिली. एका चाकाचा ठसा घेऊन त्यात रेझिन ओतले की दुसरे चाक मिळते. आता तर संगणकावर आकृती काढून यंत्राकडून भाग छापून घेणारे तरुण आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांचे काम माझ्याहून सफाईदार असते. बारीक फटी भरायला मी त्या वेलाचेच तुकडे द्रावकात विरघळवून लांबी करतो. मोटारीची जखम मोटारीच्याच मांसाने भरते. मग पाण्याचा पॉलिश पेपर, खऱ्या मोटारीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याप्रमाणेच. वास्तविक मी हे काम बसस्टँडामागच्या एका गॅरेजातील मिस्त्रींकडून शिकलो. ते म्हणत, "गुरुजी, डोळ्यावर भरोसा ठेवू नका, बोटावर ठेवा."

या कामात आपल्याकडचा कोणी मोठा माणूस नाही का, असे विचाराल. मोटारींत मला ठाऊक नाही, पण आगगाड्यांत आहे. पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. एक अख्खे शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, पूल. पुण्यास जाल तेव्हा मुलांना घेऊन अवश्य जा. ते पाहून मीही आपल्या शकुंतलेचे इंजिन करायला घेतले. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती गाडी ओढीत होते. त्याचा संच मला कोणत्याही परदेशी डब्यात मिळाला नाही. सपाट प्लॅस्टिकचे पत्रे कापून तो करावा लागतो. बत्तिसास एक या प्रमाणाने अडीच फुटी रूळ चोवीस मिलिमीटरांचे होतात. ते काम अर्धे झाले आहे. गेली चार वर्षे ते अर्धेच आहे.

आता मूळ मुद्दा. तो टाळण्यासाठीच मी इतका वेळ इंजिनाकडे गेलो होतो.

सातआठ वर्षांपूर्वी गावातील एक वृद्ध डॉक्टर माझ्याकडे एक अमेरिकन मोटार घेऊन आले. नात्यातल्या कोणी १९८० च्या सुमारास ती आणली होती आणि त्यांच्या मुलाने आईच्या मदतीने जोडली होती. मुलगा आता परदेशी, आई वारलेली. मोटारीचे एक दार निखळले होते, चाकांनी कडी खाल्ली होती, आणि सगळे टप कोणत्या तरी भडक लाल रंगाने माखलेले होते. तो रंग म्हणजे नेलपॉलिश आहे, हे मी वासावरून नव्हे, भेगांवरून ओळखले. नेलपॉलिशमधील द्रावक पॉलिस्टायरीनला चावते आणि पृष्ठभागावर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात. डॉक्टर म्हणाले, "नीट करून द्या." मी दोन महिने खपलो. रंग काढला, भेगा घासून काढल्या, लांबी भरली, पुन्हा घासले. कंपनीच्या माहितीपत्रकात होता तो फिका निळा रंग मिळवला. नवी कडी ओतली. मोटार अशी झाली की मी स्वतःवर खूश होतो.

डॉक्टरांनी ती हातात घेतली. फिरवून पाहिली. म्हणाले, "फार सुंदर झाली आहे, गुरुजी." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि मग अगदी साधेपणाने म्हणाले, "पण आमची कुठे गेली?"

मी त्यांना विचारायला हवे होते. घरात तो लाल रंग कोण लावीत होते, हे विचारायला एक मिनिट पुरले असते. डबीभर अल्कोहोल आणि दोन ताव पॉलिश पेपर एवढ्यात मी एका बाईच्या हाताचे काम धुऊन टाकले होते, आणि ते आता परत आणता येण्याजोगे नव्हते. पुन्हा नेलपॉलिश लावता आले असते, पण ते मी लावलेले झाले असते. डॉक्टर मोटार घेऊन गेले. पैसे देऊ लागले, ते मी घेतले नाहीत. त्यांना ते उमजले.

आता तुम्ही म्हणाल, नंदीचे काय? त्याला तर आपण दर वर्षी रंगवतो. मी यावर बरीच वर्षे विचार केला आहे. नंदी ज्या घरचा, तेच घर त्याला रंगवते. कालचा थर आजोबांचा, आजचा नातवाचा, आणि खालचा थर कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच पुढचा चढतो. मी मात्र खरवडले होते, आणि मी त्या घरचा नव्हतो. फरक एवढाच आहे, पण मला तो लहान वाटत नाही. संग्राहकांपैकी काही लोक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जातात. कशालाच हात लावू नये, धूळही पुसू नये म्हणतात. तेही मला पटत नाही. कडे खाणारे चाक तसेच ठेवले तर दहा वर्षांनी मोटारच उरणार नाही. रोग थांबवणे आणि चेहरा बदलणे यांत भेद करावा लागतो. तो कुठे करायचा हे दर मोटारीला नव्याने ठरते, आणि मी एकदा चुकलो आहे, म्हणून जरा भीत भीत ठरवतो.

हे सांगितल्यावर मेजावरच्या या हिरव्या मोटारीची गोष्ट सांगणे आले. ही बेंटले. बत्तिसास एक, म्हणजे जेमतेम साडेपाच इंच. १९६४ च्या दिवाळीत मुंबईहून आमच्या मामांनी आणली. मामा गोदीत फिटर होते, कोणा खलाशाकडून त्यांना ती पिशवी मिळाली होती. तेव्हा परदेशी खेळणे आपल्या गावी दिसणे म्हणजे धूमकेतू दिसण्यासारखे. मी आठ वर्षांचा. अर्थातच मोटार माझ्या हाती आली नाही, ती दादाने घेतली. दादा इंटर सायन्सला होता. चिकटवायला काय वापरायचे? यवतमाळात कोण देणार? दादाला त्याच्या प्राध्यापकांनी सांगितले की हे प्लॅस्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. मग दवाखान्यातल्या कंपाउंडरची मनधरणी करून त्याने औंसभर क्लोरोफॉर्म आणले. आज पाट्या बनवणारे लोक ॲक्रिलिक जोडायला तेच वापरतात. मी त्यांनाही सांगतो आणि आपणांसही सांगतो, ते विष आहे, बंद खोलीत उघडू नये. दादाने ओसरीवर उघडले एवढे आमचे नशीब.

काडीला कापूस गुंडाळून तो द्रव लावी. क्लोरोफॉर्म पाण्याहून पातळ चालते. केसाएवढी फट दिसली की आपोआप आत शिरते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. जोड उत्तम बसत, पण द्रव जिथे जायला नको तिथेही गेला. आसाच्या छिद्रांत गेला आणि चारही चाके जाम झाली. बॉनेटवर एक थेंब सांडला आणि दादाने तो घाईने अंगठ्याने पुसला. प्लॅस्टिक त्या क्षणी लोण्यासारखे मऊ होते. अंगठ्याच्या रेघा त्यात उमटल्या आणि दोन मिनिटांत कायमच्या थिजल्या. दादा त्या दिवशी जेवला नाही. पुढे प्रत्येक दिवाळीला फराळ झाला की तो मोटार काढी आणि म्हणे, "या वेळी चाके मोकळी करू." मग कोणी तरी येई, पत्ते निघत आणि मोटार पुन्हा कपाटात जाई. असे कितीतरी वर्षे. दादा २०१६ साली गेला.

त्याच्या नातवाने ही मोटार माझ्याकडे आणली. समोरची काच निघाली होती, एक दिवा हरवला होता, चौकट वाकली होती. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती चालली पाहिजे. आणि मला दिसत होता तो बॉनेटवरचा अंगठा. बारीक पॉलिश पेपरचे दहा हात, की साफ. यंत्रासारखा हात त्या दिशेने जातो हो! शिकलेली सवय. या वेळी मी उठलो आणि वहिनींकडे गेलो. त्यांच्यापुढे मोटार ठेवली आणि विचारले, "वहिनी, काय करू?"

त्यांनी चष्मा लावला. ठसा पाहिला, त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे राहू द्या. चाके मात्र सोडवा. ते स्वतः सोडवणारच होते."

मग मी कामाला लागलो. येथे फ्रिज उपयोगी पडत नाही. क्लोरोफॉर्मने जोड चिकटत नाही, वितळून एकजीव होतो. गोठवले तर जोडाऐवजी शेजारचाच भाग तुटतो. सोनाराची सर्वांत बारीक करवत घेऊन, भिंगाखाली, एकेका आसाभोवती कापत जावे लागले. पुढची दोन्ही चाके सुटली. मागचे उजवेही सुटले. चौथे चाक मात्र आसाशी, आणि आस चौकटीशी, असा एकच गोळा झाला आहे. ते कापायचे तर चौकटीचा कोपरा जातो. नवा कोपरा ओतणे मला येते. ओतावा की नाही हे माझे अजून ठरलेले नाही. नातू म्हणतो, आबा, तीन चाकांवर रिक्षा चालते. तूर्त तो मोटारीचा तो कोपरा किंचित उचलून चालवतो.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत आणि तेही योग्यच आहे. आभाराचे भाषण झाल्यावर मुलांनी मेजाजवळ यावे. शेवरले हातात घेतली तरी चालेल, तिची डागडुजी मजबूत आहे. बेंटले मात्र काचेला धरून उचलू नका, खालून तळहात घालून उचला. बॉनेटवर उजव्या बाजूस पाहिलेत तर अंगठ्याचा ठसा दिसेल. तो उजेडात तिरपा धरावा लागतो.